सिग्विन बसवायचंय? आधी जीसीसी कुठला घेताय ते बघा

सेमिस्टर सुरू झाली की आमच्या घरी लॅपटॉप यायला लागतात. कुणी भाच्याचा मित्र, कुणी शेजारच्या बिल्डिंगमधली मुलगी. तक्रार एकच: "काका, ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल आहे आणि फोर्क चालत नाही." फोर्क म्हणजे चालू प्रोग्रॅमची दुसरी प्रत सुरू करणारी युनिक्सची सोय, विंडोजमध्ये ती नाही.

यावर हल्ली सगळे सांगतात, डब्ल्यूएसएल टाक, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय. डब्ल्यूएसएल चांगलंच आहे, मीही वापरतो. पण त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत आतमध्ये खरं लिनक्स व्हर्च्युअल मशिनमध्ये चालतं. त्यासाठी बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू लागतं, आणि ४ जीबी रॅमच्या मशिनला ते दमवतं. शेल स्क्रिप्ट, मेक (प्रोग्रॅम बांधणारी कमांड), फोर्क, पाइप एवढंच करायचं असेल तर सिग्विन, म्हणजे विंडोजवर युनिक्सची हत्यारं चालवून देणारं सॉफ्टवेअर, पुरतं. १९९५ मध्ये सिग्नस सोल्युशन्स या कंपनीत याची सुरुवात झाली, नावही तिच्यावरूनच पडलं. मात्र हे लिनक्स नव्हे. ही एक डीएलएल, म्हणजे इतर प्रोग्रॅम वापरतात अशी विंडोजची लायब्ररी फाइल आहे, ती युनिक्सच्या भाषेतल्या मागण्या विंडोजला समजतील अशा करून देते. लिनक्ससाठी तयार झालेला प्रोग्रॅम इथे आणून टाकला तर चालत नाही, त्याचा सोर्स घेऊन इथेच कंपाइल करावा लागतो. डॉकर वगैरे हवं असेल त्यांनी सरळ डब्ल्यूएसएलकडे जावं, इथे वेळ घालवू नये.

सिग्विन डॉट कॉमवरून ६४ बिटची सेटअप फाइल घ्या. जुन्या व्हिडिओंमध्ये ३२ बिटची दुसरी फाइल दिसते. तिचा पाठिंबा २०२२ मध्ये संपला, ती शोधत बसू नका. फाइल डाउनलोड्समध्ये न ठेवता नीट जपून ठेवा, पुढे वारंवार लागणार आहे.

चालवण्याआधी एक गोष्ट तपासा. विंडोजमधलं तुमचं युजरनेम काय आहे? दुकानदार लॅपटॉप देताना हौसेने नाव-आडनाव, मध्ये स्पेस, असं टाकून देतो. सिग्विन त्याच नावाने होम फोल्डर बनवतं, आणि फोल्डरच्या नावात स्पेस आली की मेक आणि निम्म्या स्क्रिप्ट अडखळतात. नाव तसं असेल तर इन्स्टॉल झाल्यावर ईटीसी फोल्डरमधल्या एनएसस्विच डॉट कॉन्फ फाइलमध्ये डीबी होमच्या ओळीत स्पेस नसलेला रस्ता लिहा. हे पहिल्याच दिवशी करा, महिन्याभराचं काम जुन्या फोल्डरमध्ये साठल्यावर नको.

आता सेटअप चालवा. इंटरनेटवरून इन्स्टॉल, रूट फोल्डर सी ड्राइव्हवर सिग्विन६४ असा आपोआप येतो तोच राहू द्या. प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका, पुन्हा तीच स्पेस. पॅकेज साठवायला वेगळा फोल्डर विचारतो, तो द्या. कॉलेजच्या नेटवर असाल तर सिस्टिम प्रॉक्सीचा पर्याय. मिररच्या, म्हणजे त्याच पॅकेजांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरच्या, यादीसमोर लोक उगाच विचार करत बसतात. कुठलाही घ्या. पॅकेज खरं आहे की नाही हे सेटअप सही आणि चेकसम बघून स्वतःच तपासतं, त्यामुळे मिररने फरक पडतो तो फक्त वेगात. रखडला तर मागे जाऊन दुसरा निवडा.

यानंतर जो पडदा येतो, पॅकेज निवडण्याचा, तिथे सगळ्यांचं घोडं पेंड खातं. माझंही खाल्लं होतं.

तिथे लोक तीन चुका करतात. पहिली म्हणजे काहीच न निवडता नेक्स्ट, नेक्स्ट. सिग्विन व्यवस्थित बसतं, उघडतं, पण त्यात कंपायलर नसतो. दुसरी, सगळ्यात वरच्या 'ऑल'समोर इन्स्टॉल करणं. असं करायला सांगणारे व्हिडिओ आहेत, आणि ते बनवणाऱ्यांनी स्वतः कधी हे पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली असेल असं मला वाटत नाही. कित्येक जीबी उतरत राहतात, हॉस्टेलच्या वायफायवर रात्र जाते, आणि त्यातल्या नव्वद टक्के गोष्टी कुणी उघडत नाही.

तिसरी चूक माझी. मी सर्चच्या चौकटीत जीसीसी, म्हणजे सी कंपायलरचं नाव, लिहिलं. बरीच नावं आली. त्यात एक होतं मिंगडब्ल्यू ६४ ने सुरू होणारं. माझं विंडोज ६४ बिट, म्हणजे माझं हेच, असा सरळ हिशोब करून ते घेतलं. बसवलं, खिडकी उघडली, जीसीसी लिहिलं: कमांड नॉट फाउंड. पुन्हा शोधाशोध. त्या पॅकेजची कमांड वेगळ्याच लांबलचक नावाची असते हे कळलं, ते नाव लिहून कंपाइल केलं, तर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू फोर्क'. दोन संध्याकाळी मी माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होतो. प्रोग्रॅम सात ओळींचा. चूक त्यात नव्हतीच. मिंगडब्ल्यू हा शुद्ध विंडोजचे प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर आहे, आणि विंडोजला फोर्क नावाचा प्रकार माहीतच नाही. फोर्क देतं ते सिग्विन, आणि ते मिळतं सिग्विनच्या स्वतःच्या जीसीसीमध्ये. त्याचं नाव नुसतं 'जीसीसी डॅश कोर'. पुढे काही नाही, मागे काही नाही.

तर करायचं ते असं. वरच्या 'व्ह्यू'मध्ये 'फुल' निवडा. सर्चमध्ये एकेक नाव लिहा, बरोबर तेच नाव असलेल्या ओळीत 'स्किप' दिसतं तिथे क्लिक करून सगळ्यात नवी आवृत्ती निवडा, पण समोर 'टेस्ट' लिहिलेली नको. घ्यायची पॅकेजं: जीसीसी-कोर, सी प्लस प्लस लागत असेल तर जीसीसी-जी प्लस प्लस, मेक, जीडीबी (प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला), नॅनो किंवा व्हिम (लिहायचे एडिटर), आणि डॉसटूयुनिक्स. एवढीच. यांना आणखी जे काही लागतं ते पुढच्या पडद्यावर सेटअप स्वतःच जोडतं. राहिलं काही, तर नंतर आणता येतं: तीच सेटअप फाइल पुन्हा चालवायची. आतून पॅकेज आणायची कमांड सिग्विनसोबत येत नाही. दुसऱ्या वेळी हा पडदा 'पेंडिंग'वर उघडतो आणि यादी जवळजवळ रिकामी दिसते. घाबरू नका, 'फुल' करा. आणि त्याआधी सिग्विनच्या सगळ्या खिडक्या बंद करा, नाहीतर फाइल वापरात आहे म्हणून सेटअप अडून बसतं.

इन्स्टॉल झालं की डेस्कटॉपवरच्या आयकॉनने खिडकी उघडा आणि सगळ्यात आधी 'विच जीसीसी' लिहा. उत्तर 'यूएसआर स्लॅश बिन'ने सुरू झालं तर बरोबर. 'सिगड्राइव्ह स्लॅश सी' असं काही आलं तर थांबा. तुमच्याकडे आधीपासून एखादा सी शिकण्याचा विंडोजवाला एडिटर आहे, त्याच्यासोबत आलेला मिंगडब्ल्यू विंडोजच्या पाथमधून (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीतून) इथे घुसलाय, आणि सिग्विनचा जीसीसी बसलेलाच नाही. माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपांपैकी बहुतेकांचा आजार हाच निघतो. मुलांनी आठ दिवस प्रोग्रॅम बदलून बघितलेला असतो.

मग फोर्कनंतर एक प्रिंटएफ असलेला छोटा प्रोग्रॅम कंपाइल करा. जर्नलमध्ये 'ए डॉट आउट' चालवा असं छापलेलं असतं. इथे फाइल 'ए डॉट ईएक्सई' नावाने तयार होते, तेव्हा डॉट स्लॅश ए. ओळ दोनदा उमटली की जमलं.

ही ईएक्सई बाहेर नेऊन डबल क्लिक केली तर सिग्विनची डीएलएल सापडत नाही म्हणून तक्रार करते. ती डीएलएल उचलून विंडोजच्या फोल्डरमध्ये टाकायचा सल्ला मिळेल, ऐकू नका. एकाच मशिनवर तिच्या दोन वेगवेगळ्या प्रती एकमेकींशी भांडतात आणि मग काहीच धड चालत नाही.

स्क्रिप्ट नोटपॅडमध्ये लिहून इथे चालवली की 'बॅकस्लॅश आर, कमांड नॉट फाउंड' अशी विचित्र चूक येते. नोटपॅड ओळीच्या शेवटी एक जास्तीचं, न दिसणारं अक्षर ठेवतं. फाइलवर डॉसटूयुनिक्स चालवा, जातं. किंवा नॅनोत लिहा, प्रश्नच नाही.

अधूनमधून फोर्क 'रिट्राय' करत बसला, तर अँटीव्हायरसवर संशय घ्या आणि सिग्विनचा फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा.

काढून टाकायचं असेल तर अनइन्स्टॉलर शोधू नका, नाही. खिडक्या बंद करून सिग्विन६४ फोल्डर आणि डेस्कटॉपवरचा आयकॉन डिलीट करा. होम फोल्डर त्याच्या आतच आहे, तेव्हा आधी तुमचे प्रोग्रॅम बाहेर काढून घ्या. पॅकेज साठवायला दिलेला तो दुसरा फोल्डरही उडवा, जागा तोही खातो.