राज्यशास्त्र म्हणजे पानठेल्यावरच्या गप्पा नव्हेत: अकरावी-बारावीत या चुका टाळा

आर्ट्‌सला राज्यशास्त्र घेतलं की घरचे म्हणतात, "सोपा विषय आहे, बातम्या तर रोज पाहतोस." नागपुरात राजकारण कळायला बातम्यांचीही गरज नाही, चौकातल्या पानठेल्यावर पाच मिनिटं थांबलं तरी पुरे. पोट्टे हेच ऐकलेलं पेपरात उतरवतात आणि मग मार्क कुठे गेले म्हणून विचारतात. ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीला संविधानात किंवा इतिहासात आधार कुठे आहे, हे शोधायची सवय नसते. बाकी चुका त्यातूनच निघतात.

आपल्याकडची सगळ्यात ठरलेली चूक वेगळ्या विदर्भाची. नवीन राज्य कसं होतं, असा प्रश्न आला की उत्तरात हमखास वाक्य असतं: 'विधानसभेने ठराव केल्याशिवाय वेगळे राज्य होऊ शकत नाही.' साफ चूक. अनुच्छेद ३ नुसार हा अधिकार संसदेचा. विधेयक राष्ट्रपतींच्या शिफारशीनेच मांडता येतं आणि त्याआधी ते संबंधित विधिमंडळाकडे मत मागायला जातं. पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. तेलंगणाचं उदाहरण इथे चपखल बसतं: आंध्र प्रदेशच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विधेयक फेटाळलं, तरी संसदेने ते मंजूर केलं आणि २ जून २०१४ ला राज्य झालं. शिवाय अशा कायद्याला घटनादुरुस्ती मानलं जात नाही, साधं बहुमत पुरतं. ते अनुच्छेद ४ मध्ये आहे. उत्तरात एवढं आलं तर 'विदर्भावर अन्याय' हा परिच्छेद लिहायची गरजच उरत नाही. भावना खरी असेल, पण प्रश्न तिच्यावर नसतो.

तसंच हिवाळी अधिवेशनाचं. डिसेंबरात सिव्हिल लाईन्समध्ये लाल दिव्यांच्या आठवणी आणि मोर्च्यांची गर्दी दोन्ही असतात, त्यामुळे मुलांना वाटतं की हे संविधानातच लिहिलंय. नाही. नागपुरात वर्षातून एक तरी अधिवेशन व्हावं हे २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात आहे. संविधान एवढंच सांगतं की दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू नये (अनुच्छेद १७४). विदर्भाच्या विकास मंडळाची तरतूद मात्र खरोखरच संविधानात आहे, अनुच्छेद ३७१(२) मध्ये. करार एका बाजूला, अनुच्छेद दुसऱ्या बाजूला, अशा दोन रकान्यांत वहीत मांडून ठेवा. पुन्हा गल्लत होणार नाही.

'तुमचे मत नोंदवा' या प्रश्नाने बरेच जण फसतात. मत म्हणजे कोणता पक्ष चांगला, हे नव्हे. आधी एका ओळीत भूमिका, मग दोन-तीन कारणं, प्रत्येकाला एक तरतूद किंवा घटना. विरुद्ध बाजूचा एक मुद्दा घेऊन तो खोडला तर उत्तर आणखी वजनदार होतं. तपासणाऱ्याला तुमचं मत पटलं पाहिजे असं काही नाही, ते कशावर उभं आहे तेवढं त्याला दिसलं पाहिजे.

जगाच्या राजकारणात सनावळ्यांची सरमिसळ होते. बांडुंग परिषद १९५५ ची, ती आशियाई-आफ्रिकी देशांची. अलिप्ततावादी चळवळीची पहिली शिखर परिषद १९६१ ला बेलग्रेडमध्ये. बर्लिनची भिंत १९८९ ला कोसळली आणि सोव्हिएत संघ १९९१ ला संपला. या दोन्ही एकाच वर्षी घडवून मोकळे होणारे कमी नाहीत!

राहिला प्रकल्प. त्याचे मार्क घरात आलेले असतात, तरी तो झेरॉक्सच्या दुकानातून आणला जातो. हिंगणा, कामठी, कळमेश्वर तालुक्यातलं गाव कुठलंही चालेल. मामाच्या गावी जाणं होतंच ना? तिथल्या ग्रामपंचायतीत जा. सदस्य किती, त्यात महिला किती, मागच्या ग्रामसभेत काय ठरलं, एवढं विचारून या. मात्र लिहिताना एक जपा: महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा हे ७३ व्या घटनादुरुस्तीतलं, आणि ५० टक्के हा महाराष्ट्राच्या कायद्यातला आकडा. तोंडीला पहिला प्रश्न यावरच येऊ शकतो.