आर्क्टिकचं निरीक्षण जाळं कसं तपासायचं
वास्कोला एनसीपीओआर म्हणजे ध्रुवीय आणि समुद्र संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यामुळे आम्हा गोंयकारांना आर्क्टिक तसं शेजारचंच. तर आधी स्टेशनं मोजत बसू नका, प्रश्न ठरवा, म्हणजे समजा बर्फाखाली कोमट पाणी किती शिरतंय, कारण उपग्रहाला ते दिसत नाही आणि आर्गो फ्लोटला, म्हणजे समुद्रात खालीवर होत मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राला, डेटा पाठवायला वर यावं लागतं, वर बर्फ असला की अडकलाच. म्हणून तर २०१४ला स्वालबार्डच्या कोंग्सफियोर्ड या खाडीत इंडआर्क, म्हणजे भारताचं मोजणी यंत्रांचं स्टेशन, पाण्याखाली दोराने बांधून ठेवलं. मग अंदाज काढणाऱ्या संगणक मॉडेलमधून एकेका स्टेशनचा डेटा काढून बघा, अंदाज जिथं जास्त बिघडतो ते आधी जपा.
शिवाय मापक नीट मोजतोय का तेही बघा. माझा पर्जन्यमापक माडाच्या झावळीखाली होता, अख्खा जुलै फुकट! तिकडे झावळ्या नाहीत, पण वाऱ्याने हिम मापकावरून उडून जातं, आकडा कमीच येतो. तिथं मापकाभोवती डबल कुंपण घाला.