सीझनची पहिली क्रॉस-कंट्री शर्यत: आधीचा आठवडा आणि सुरुवातीची पाच मिनिटं

सीझनच्या पहिल्या माउंटन बाइक शर्यतीत बहुतेकांचा घात दम कमी पडल्यामुळे होत नाही. टायरमधलं सीलंट (बारीक भोकं आपोआप बुजवणारा द्रव) वाळून गेलेलं असतं, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांतच सगळी ताकद उधळलेली असते. दोन्ही चुका टाळता येतात, म्हणून इथे सगळा भर त्यांच्यावरच आहे.

गृहीत धरलाय तो ऑलिम्पिकमध्ये १९९६ पासून असलेला क्रॉस-कंट्रीचा प्रकार: साधारण ४ ते ६ किलोमीटरची लॅप (ट्रॅकची एक फेरी), सगळ्यांची एकदम सुरुवात, अव्वल गटासाठी दीड तासाच्या आसपासची शर्यत आणि हौशी गटांसाठी त्याहून लहान.

आठवडाभर आधी: सायकल

सुरुवात टायरपासून करा. चाक काढून कानाशी धरा आणि हलवा. आत काही डुचमळल्याचा आवाज आला नाही, तर सीलंट वाळलंय. ते दोन ते सहा महिन्यांत वाळतंच. हवा कोरडी आणि गरम असेल तर आणखी लवकर. टायरची एक कड उघडा, आत चिकटलेल्या रबराच्या गाठी सोलून काढा आणि २९ इंची टायरमध्ये ८० ते १०० मिलीलीटर ताजं सीलंट घाला. व्हॉल्व्हचा गाभाही बघून घ्या. तो सीलंटने तुंबला असेल तर पंप मारताना हवा आत जात नाही आणि दोष मात्र पंपाला दिला जातो. हवा भरून चाक फिरवा, दोन्ही बाजूंना आडवं करून ठेवा, मग १० मिनिटं चालवून या. रात्रभरात २-३ पीएसआयपेक्षा (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं एकक) जास्त हवा उतरली, तर रिमची टेप किंवा व्हॉल्व्हचं बूड गळतंय.

चेन गेजने मोजा. ११ किंवा १२ गिअरच्या चेनची झीज ०.५ टक्क्यावर पोचली की ती बदलायची, आणि ती आत्ताच, शर्यतीच्या आदल्या रात्री नाही. कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) झिजलेली असेल तर नवी चेन जोर लागला की दातांवरून उडी मारते, आणि हे कळतं ते पहिल्या खड्या चढावर. नव्या ब्रेक पॅडचंही तसंच. मध्यम वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत चाक लॉक न करता वीसेक वेळा ब्रेक लावा, तेव्हा कुठे ते पकड घेतात. दाबताना लीव्हर मऊ, स्पंजासारखा लागत असेल तर ब्लीडिंग करून (ब्रेकच्या तेलातली हवा काढून) घ्या.

फोर्क आणि शॉकमधली (पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनमधली) हवाही महिनोन्महिन्यांत हळूहळू उतरते. शर्यतीचे कपडे आणि भरलेली बाटली घेऊन सॅग (वर बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते) मोजा: पुढे १५ ते २० टक्के, मागे २० ते २५. स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग) आणि क्लीटचे (बुटाखालच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. किती जोराने आवळायचं तो आकडा बहुतेक वेळा भागावरच छापलेला असतो. आणि गाडीतून नेताना सायकल उजव्या कुशीवर झोपवू नका. डेरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर वाकतो, मग कितीही ट्यूनिंग केलं तरी गिअर नीट बसत नाहीत.

टायरची हवा

७० किलोचा रायडर, ट्यूबलेस, २.२५ ते २.४ इंच रुंदी: पुढे १९, मागे २१ पीएसआयपासून सुरुवात करा आणि एकेका पीएसआयने बदलत जा. हवा जास्त झाली की मुळांवर चाक उसळतं आणि चढावर मागचं चाक घसरतं. कमी झाली की वळणावर टायर लचकतो आणि दगडावर रिम आपटल्याचा ठक्क आवाज येतो. लॅपमध्ये एखाद्या वेळी तो आवाज आला तर चालेल, दर लॅपला आला तर हवा वाढवा. गेज मात्र कायम एकच वापरा, कारण दोन पंपांच्या काट्यांत २-३ पीएसआयचा फरक सहज निघतो.

ट्रॅकची पाहणी

आदल्या दिवशी दोन लॅप पुरेत. पहिली अगदी सावकाश. अवघड जागी उतरा, चालत मागे जा आणि तीन गोष्टी ठरवा: ब्रेक कुठे सोडायचा, पुढचं चाक कुठून न्यायचं, बाहेर पडताना नजर कुठे ठेवायची. जवळची अवघड आणि लांबची सोपी अशा दोन वाटा असतील, तर अवघड वाट ताज्या पायांनी सलग तीनदा जमली तरच शर्यतीत घ्या. शेवटच्या लॅपला हात थकलेले असतात आणि नजर आखूड झालेली असते. सोप्या वाटेत थोडे सेकंद जातात, पडण्यात शर्यत जाते.

दुसऱ्या लॅपमध्ये पाणी कुठे प्यायचं आणि इतरांना मागे टाकून पुढे कुठून निघायचं ते हेरा. सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या सिंगलट्रॅकचं (एकच सायकल मावेल अशा अरुंद वाटेचं) तोंड किती दूर आहे हेही पाहून ठेवा. मध्ये तीन-चार वेळा एकेक मिनिट जोरात चालवलं की पाय जागे होतात. त्याहून जास्त काही करू नका.

शर्यतीची सकाळ

सुरुवातीच्या तीन तास आधी वजनाच्या दर किलोमागे सुमारे २ ग्रॅम कर्बोदकं खा, म्हणजे ७० किलोच्या रायडरला १४० ग्रॅम. सरावात पोटाला मानवलंय तेच खायचं. शर्यतीत तासाला ६० ग्रॅमचं गणित धरा, आणि त्यातलं जास्तीत जास्त बाटलीतच विरघळवा, कारण या ट्रॅकवर हँडल सोडायला फुरसत क्वचितच मिळते. ठरलेल्या फीड झोनबाहेर कुणाकडूनही बाटली घेता येत नाही. देणाऱ्याने बाटली वरच्या टोकाशी चिमटीत धरावी, म्हणजे घेणाऱ्याला मधलं अंग पकडायला मोकळं मिळतं.

वॉर्म-अप २० ते २५ मिनिटांचा. हळूहळू वेग वाढवत न्या, मग एकेका मिनिटाचे तीन जोर, शेवटी दोन छोटे स्प्रिंट. तो रांगेत उभं राहण्याच्या १० मिनिटं आधी संपवा.

पहिली पाच मिनिटं

गिअर मधला ठेवा. जड गिअरवर सायकल हलत नाही, हलक्यावर पाय गरगर फिरतो आणि दुसरं क्लीट बसत नाही. एक पाय अडकवलेला आणि पेडल घड्याळातल्या दोनच्या जागी.

सिंगलट्रॅकच्या तोंडाशी गर्दी तुंबते, म्हणून तिथवर जोर लावणं योग्यच आहे. चूक होते ती त्यानंतर, तोच जोर पहिल्या चढावरही तसाच ठेवला की. सरावात घेतलेले जोर आणि शर्यतीचा पहिला धक्का यांत फार अंतर असतं, आणि सुटीनंतर शरीराला त्या धक्क्याची सवय राहिलेली नसते. हृदयगतीच्या आकड्यावर इथे विसंबू नका. तो मागून येतो, आणि उत्तेजनेने फुगलेलाही असतो. श्वासाकडे लक्ष द्या: चढाच्या अर्ध्यापर्यंत तो लयीत आला नाही, तर दोन जागा जाऊ द्या. पहिल्या लॅपनंतर त्या बहुधा परत मिळतात.

रांगेत पुढच्याच्या चाकाला चिकटू नका. दीड सायकलभर अंतर ठेवलं तर त्याने ब्रेक लावला तरी तुमचा वेग टिकतो. पुढचा चढावर पाय टेकून थांबला, तर लगेच उतरा आणि सायकल घेऊन पळा. पुढे जाताना “डावीकडून” असं मोठ्याने सांगा, आणि कुणी एक लॅप पुढचा मागून आला तर त्याला वाट द्या.

पंक्चर झालं तर

भोक खाली येईल असं चाक फिरवा, सीलंट तिथे गोळा होऊ द्या. दहा सेकंदांत फुसफुस थांबली नाही तर प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) घाला, शेपूट सेंटिमीटरभर बाहेर ठेवून. मग व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणा आणि सीओटूची (कार्बन डायऑक्साइड वायूची) १६ ग्रॅमची नळकांडी लावा. व्हॉल्व्ह खाली राहिला तर तिथलं सीलंट गोठून तोंड बंद होतं. एका नळकांडीत २९ इंची टायर रिकाम्यापासून साधारण २० ते २५ पीएसआयपर्यंत भरतो. ती बर्फासारखी गार पडते, म्हणून हातमोजा घातलेल्या हातानेच धरा. हे सगळं आधी एकदा जुन्या टायरवर करून बघा, आणि प्लग हाताशी येईल असा फ्रेमलाच पट्टीने बांधा.

सीओटू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो आणि काही सीलंटच्या गाठीही करतो. म्हणून शर्यत संपली की त्याच संध्याकाळी तो सोडून साधी हवा भरा, आणि पंप हातात आहे तोवर टायरची हवा, लॅपच्या वेळा आणि काय खाल्लं ते लिहून ठेवा. शेवटची लॅप पहिल्यापेक्षा मिनिटभराने हळू झाली असेल, तर पुढच्या वेळी सुरुवात सावरून करायची.