‘अवेलेबल आहे का’ विचारून गायब होणारं गिऱ्हाईक

जुनं कपाट, सायकल काहीही विकायला टाका, मेसेज येतो ‘अवेलेबल आहे का’ आणि आपण हो म्हटलं की समोरचा गप्प. म्हणून नुसतं हो म्हणू नका, त्यातच शेवटचा भाव, एरिया आणि ‘आज ७ नंतर येताय की रविवारी सकाळी?’ विचारून टाका, ज्याला खरंच घ्यायचंय तो लगेच वेळ सांगतो. मी एकासाठी वॉशिंग मशीन चार दिवस अडवून ठेवली, तो फोनच उचलेना, तोवर दुसरं गिऱ्हाईक हातचं गेलं, फार वाईट वाटलं. आता ५०० रुपये टोकन आल्याशिवाय थांबत नाही. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, कुणी टाकायला सांगितलं तर सरळ ब्लॉक. आठवण एकदाच करून द्या, संध्याकाळपर्यंत उत्तर नाही तर पुढच्याला फोन लावा.