आतड्यातल्या सेरोटोनिन चेतापेशींची जोडणी : या चुका टाळा

शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन, म्हणजे पेशींमध्ये संदेश नेणारं एक रसायन, आतड्यात असतं, हे खरंच आहे. पण त्यावरून ‘आतड्यात सेरोटोनिनच्या चेतापेशींची गर्दी असणार’ असं गृहीत धरलं, की पुढची जोडणीची सगळी आकृती चुकते. मला ही चूक सगळ्यात घातक वाटते, कारण बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच येतात.

ते सेरोटोनिन जवळजवळ सगळं अस्तरातल्या एंटेरोक्रोमाफिन पेशी बनवतात, आणि त्या चेतापेशी नव्हेत. खऱ्या सेरोटोनिन चेतापेशी असतात दोन स्नायूथरांच्या मधल्या, मायएंटेरिक नावाच्या चेतापेशींच्या जाळ्यात. या जोडणीचा बराचसा अभ्यास गिनीपिगच्या लहान आतड्यावर झाला आहे आणि तिथे त्या जाळ्यातल्या शंभर चेतापेशींमागे जेमतेम दोन सेरोटोनिनच्या निघतात. सेरोटोनिन बनवणारी विकरं (एन्झाइम) दोन्हीकडे वेगळी : अस्तरात टीपीएच-१, चेतापेशींत टीपीएच-२. २०११ साली उंदरांवरच्या प्रयोगांत टीपीएच-२ नसलेल्या उंदरांच्या आतड्यातून अन्न सरकायला जास्त वेळ लागला. टीपीएच-१ नसलेल्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणून ‘सेरोटोनिनमुळे आतडं हलतं’ असं लिहिण्याआधी कुठलं सेरोटोनिन, ते ठरवा.

आकृती काढताना सेरोटोनिन चेतापेशीपासून थेट स्नायूकडे बाण काढू नका. ही मधली चेतापेशी आहे. तिचा अक्षतंतू, म्हणजे संदेश पुढे नेणारा लांब धागा, गुदद्वाराच्या दिशेने खाली जातो आणि वाटेतल्या इतर चेतापेशींना भेटतो. त्यांत तिच्यासारख्याच सेरोटोनिनच्या पेशीही असतात, त्यामुळे खाली उतरणारी एक साखळी तयार होते. काही तंतू अस्तराखालच्या सबम्युकोसल या दुसऱ्या जाळ्यात पोचतात. तिथे तंतू दिसले म्हणून पेशीही तिथेच शोधत बसू नका, त्या मायएंटेरिक जाळ्यात आहेत. शिवाय गिनीपिगमध्ये याच चेतापेशी अॅसिटिलकोलिन हे दुसरं संदेशवाहक रसायनही वापरतात. आतड्यातले जलद संदेश मुख्यतः त्याच्यावर चालतात, सेरोटोनिनचा वाटा लहान.

‘सेरोटोनिन वाढलं की हालचाल वाढते’ हेही सरसकट लिहू नये. सेरोटोनिन पेशीवरच्या ज्या प्रथिनाला चिकटतं तो ग्राही (रिसेप्टर) कोणता, यावर परिणाम ठरतो. ग्राहींच्या नावांतलं ‘५-एचटी’ म्हणजे सेरोटोनिनच. ५-एचटी३ ग्राही अडवणाऱ्या ऑन्डॅनसेट्रॉन या औषधाने बद्धकोष्ठ होऊ शकतं. ५-एचटी४ चेतवणारं प्रुकॅलोप्राइड बद्धकोष्ठावरच देतात, कारण त्या ग्राहीमुळे अॅसिटिलकोलिन जास्त सुटतं.

आता स्लाइडबद्दल. सेरोटोनिनला चिकटून ते रंगवून दाखवणाऱ्या अँटिबॉडीने अपेक्षेपेक्षा फार जास्त पेशी आणि तंतू उजळले, तर आनंद मानू नका, आधी शंका घ्या. चेतापेशी बाहेरचं सेरोटोनिन आत ओढून घेतात. नॉरअॅड्रेनलिन हे वेगळं रसायन वापरणारे सिंपथेटिक चेतातंतूसुद्धा घेतात. ऊतक ज्या द्रावात ठेवलं होतं त्यात सेरोटोनिन होतं का, ते पाहा. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, घातलं असेल तर नक्की पाहा, कारण रक्त गोठताना बिंबिका (प्लेटलेट) सेरोटोनिन सोडतात. खात्रीसाठी टीपीएच-२ची अँटिबॉडी सोबत लावा : रंगलेली पेशी स्वतः सेरोटोनिन बनवते की उसनं घेतलेलं साठवते, हे त्यातून कळतं.

उलट काहीच दिसत नसेल, तर बहुतेक आडवा काप घेतलेला असतो. इतक्या विरळ पेशी पातळ कापात सापडणं नशिबावरच असतं. स्नायूथर सोलून जाळं सपाट पसरून पाहा. तुकडा आखूड घेऊ नका. अक्षतंतू मध्येच कापला गेला की साखळी तिथेच संपल्यासारखी भासते. एखाद्या पेशीभोवती तंतूंच्या गाठींचा वेढा दिसला, तर त्याला लगेच सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधला संदेश देणारा सांधा, म्हणू नका. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक किंवा विद्युतनोंद लागते.

आणि आतडं कापण्याआधी तोंडाकडच्या टोकाला खूण करा, दोरा बांधा किंवा कोपरा छाटा. ही खूण नसलेल्या तुकड्यावरून तंतू वर जातात की खाली, याबद्दल एक ओळही लिहू नका.