सुट्ट्या पैशांच्या पिशवीत संग्रहाची नाणी कशी शोधावीत

परदेशात बँका नाणी कागदी नळीत गुंडाळून देतात. आपल्याकडे पारदर्शक प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यात एकाच किमतीची 100 नाणी. म्हणजे एक रुपयाची पिशवी 100 रुपयांना आणि पाचची 500 रुपयांना. जे नाणं नको असेल ते त्याच किमतीला बाजारात परत चालतं. संग्रहाची सुरुवात करायला याहून स्वस्त वाट मला तरी माहीत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. वैष्णोदेवीच्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात असं सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपलं नाव वापरून लोकांकडून शुल्क उकळलं जातंय, असा इशारा रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. या शोधातला खरा आनंद वेगळा आहे. प्रत्येक किमतीचं, प्रत्येक वर्षाचं, प्रत्येक टांकसाळीचं एकेक नाणं स्वतःच्या हाताने, दर्शनी किमतीत जमवायचं.

पिशवी मिळवा

बँकेत पाच-दहा तारखेपर्यंत जाऊ नका, तेव्हा पगार आणि पेन्शनची गर्दी असते. महिन्याच्या मधल्या आठवड्यात, दुपारी जेवणाची सुट्टी संपल्यावर रोखपालाकडे थेट मागा: "साहेब, दोनच्या नाण्यांची एक पिशवी हवी होती." टांकसाळीतून आलेल्या कोऱ्या पिशवीत बहुधा एकाच वर्षाची, एकाच टांकसाळीची नाणी निघतात. त्यातून एक-दोन चकचकीत नमुने ठेवण्यापुरताच तिचा उपयोग. आपल्याला हवी असते ती वापरून परत जमा झालेली, मिसळलेली चिल्लर.

तशी चिल्लर आमच्या कोल्हापुरात बँकेबाहेरही भरपूर आहे. महाद्वार रोडला ओटीचं सामान आणि फुलं विकणारे, लक्ष्मीपुरीतले किराणा दुकानदार, चहाच्या गाड्या, सगळ्यांकडे डबे भरलेले असतात. नोट देऊन सुट्टे मागितले तर काही जण खुशीने देतात, काहींना स्वतःलाच सुट्ट्यांची गरज असते. सणाच्या दिवशी, नवरात्रात किंवा दुकानात गर्दी असताना विचारू नका. एकच दुकानदार धरा आणि नेमाने त्याच्याकडेच जा. "मामा, तपासून परत आणून देतो" असं सांगा आणि शब्द पाळा. पुढच्या वेळी तोच वेगळं दिसलेलं नाणं बाजूला काढून ठेवेल. घरातल्या अहेराच्या पाकिटांवर चिकटवलेला रुपयाही बघायला विसरू नका, तो बऱ्याचदा अगदी कोरा असतो.

बैठक मांडा

ताटात जाडसर सुती कापड अंथरा, म्हणजे नाणी एकमेकांवर घासत नाहीत. उजेड वरून नको, एका बाजूने हवा. तिरप्या उजेडात वर्षाखालची बारीक खूण उठून दिसते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, सोनार वापरतात तसलं. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, चौकशी केली तर कुठे मिळेल ते कळेल. साधं लोहचुंबक लागेल, आणि जमलं तर ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा. नाणं नेहमी कडेने धरा. घामट बोटाचा ठसा कोऱ्या नाण्यावर कायमचा उमटतो.

आधी चित्र, मग वर्ष, मग खूण

पहिल्या फेरीत फक्त चित्रं बघा. नेहमीपेक्षा वेगळं चित्र दिसलं की नाणं बाजूला. आपल्या माणसांसाठी इथे मोठा खजिना आहे. 1999 सालचं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं अकरा कोनी नाणं, त्याच वर्षीचा संत ज्ञानेश्वरांचा रुपया, 1990 चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, 2015 चं त्यांच्याच 125व्या जयंतीचं दहाचं नाणं, लोकमान्य टिळकांचं पाचचं. महाराजांचं नाणं दुर्मीळ नाही, बाजारात त्याला फार किंमतही नाही. पण चिल्लरीतून ते हाती आलं की मी अजूनही थांबून बघतो.

दुसऱ्या फेरीत वर्ष वाचा आणि लगेच त्याखाली भिंग न्या. चौकटच्या पत्त्यासारखी खूण असेल तर मुंबई, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता. ठिपका झिजून गेला की नोएडाचं नाणं कोलकात्याचं वाटू शकतं, म्हणून घासलेल्या नाण्यावर पैज लावू नका. काही वर्षी सरकारने बाहेरच्या देशांतूनही नाणी पाडून घेतली. 1985 च्या रुपयावर वर्षाखाली इंग्रजी एच अक्षर दिसलं तर तो बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा.

चुंबक आणि काटा

तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं नाणं चुंबकाला चिकटत नाही, आणि अलीकडची स्टीलची नाणी पटकन चिकटतात. पाच रुपयांत याचा फार उपयोग होतो. 1992 पासूनचं जाडजूड पाचचं नाणं 9 ग्रॅमचं होतं. 2007 पासूनचं स्टीलचं 6 ग्रॅमचं आणि 2009 पासूनचं पिवळसर निकेल-पितळेचंही 6 ग्रॅमचं. टिळकांचं नाणं तर तांबं-निकेल आणि स्टील अशा दोन्ही धातूंत निघालं, म्हणजे एकाच चित्राची दोन वेगळी नाणी तुमच्या वहीत यायला हवीत. दहाचं दोन धातूंचं नाणं साधारण 7.7 ग्रॅमचं असतं. त्यावर रुपयाचं चिन्ह नाही किंवा रेषा दहाऐवजी पंधरा आहेत म्हणून कुणी ते खोटं ठरवत असेल, तर त्याला सांगा की जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने दहाच्या नाण्याची 14 रूपं खरी असल्याचं जाहीर केलंय. लोक नाकारतात म्हणून ही नाणी डब्यात पडून राहतात. शोधणाऱ्याने तोच डबा मागावा.

चुकलेली नाणी

इथे घाई करू नका. नाण्याची वरची आणि खालची कड चिमटीत धरून ते आडवं फिरवा. आपल्या नाण्यांची मागची बाजूही सरळ उभी दिसली पाहिजे. ती बरीच कललेली असेल तर साचा फिरला होता, आणि असं नाणं ठेवण्याजोगं आहे. चित्र एका बाजूला सरकून दुसरीकडे कोरी चंद्रकोर राहिली असेल तर तेही ठेवा. पण ठोकलेली, कापलेली, रेल्वेच्या रुळावर चेपलेली नाणी चुकीची नव्हेत, ती नुसती खराब झालेली. ओळखायची रीत अशी: टांकसाळीतल्या चुकीत धातू गुळगुळीत आणि एकसंध दिसतो, बाहेरच्या इजेत ओरखडे आणि दुमडलेली कड दिसते. दहाच्या नाण्याचा मधला गोल निघालेला असेल तर संशयच घ्या, तो हातोडीनेही काढता येतो.

धुऊ नका

पितांबरी, चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. चकाकी येते आणि नाण्याचा मूळचा पृष्ठभाग कायमचा जातो. जाणकार संग्राहक असं नाणं हातात घेऊन लगेच खाली ठेवतो. जोतिबाच्या यात्रेतून आलेल्या नाण्यावर गुलाल असेल किंवा अहेराच्या पाकिटाचा डिंक असेल, तर साध्या पाण्यात भिजवा आणि मऊ कापडाने टिपा, चोळू नका. ठेवायला पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) नसलेली पाकिटं घ्या. पीव्हीसीच्या पाकिटात काही वर्षांत हिरवट चिकट थर धरतो आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यातली दमट हवा त्याला हातभार लावते. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि जूनच्या आधी बदला.

वही

हे काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं. एका किमतीला एक पान, उभी वर्षं, आडव्या चार टांकसाळी. सापडलं की चौकटीत तारीख आणि ठिकाण लिहा: "महाद्वार रोड, फुलवाला" एवढं पुरे. ठिकाण का लिहायचं, ते इथेच कळतं. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथल्या वस्तू टाउन हॉलच्या संग्रहालयात आहेत, एकदा जाऊन बघा. धनुष्यबाणाची खूण असलेली, सातवाहन काळातल्या कुर राजांची शिशाची नाणी याच कोल्हापूरची म्हणून अभ्यासक ओळखतात, आणि ती सापडल्या जागेमुळेच इतकं बोलतात. ती त्या काळची चिल्लरच होती. तुमच्या चौकटीतल्या रुपयाचंही तसंच आहे: कुठे, कधी सापडला हे लिहिलं नाही तर तो फक्त रुपया.

उरलेली नाणी परत करा

शंभर-शंभर मोजून पिशव्या भरा आणि ज्याच्याकडून घेतली त्याच दुकानदाराला द्या, किंवा बँकेत जमा करा. शंभराच्या पिशवीत भरलेली नाणी स्वीकारणं बँकेला सोयीचं जातं असं रिझर्व्ह बँकेच्या सूचनांतच आहे, त्यामुळे रोखपालाने नकार दिला तर शांतपणे शाखा व्यवस्थापकाशी बोला. जमा करताना वेगळी शाखा निवडली तर बरं. नाहीतर तपासून परत केलेली नाणीच पुढच्या पिशवीत तुमच्या हाती यायची. आणि 25 पैसे किंवा त्याहून लहान नाणं आढळलं तर ते पिशवीत परत घालू नका: 30 जून 2011 पासून ते चलनात नाही. वहीत त्याला वेगळं पान द्या.