मतदान केंद्रावर कसं वागावं: फक्कीच्या रेषेपासून बीप वाजेपर्यंत

मतदान केंद्रावर वाद पेटतो तो बहुधा तीन गोष्टींवरून: खिशातला मोबाइल, यादीत न सापडणारं नाव आणि आजीबरोबर आत शिरू पाहणारा नातू. तिन्हींची उत्तरं नियमांत स्पष्ट दिलेली आहेत, पण ती आदल्या दिवशी माहीत असायला हवीत. मागे दोनशे माणसं उन्हात उभी असताना केंद्राध्यक्षांशी हुज्जत घालून नियम समजून घेता येत नाही.

खाली लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीची पद्धत दिली आहे. तिला आधार आहे लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ आणि निवडणूक संचालन नियम १९६१ यांचा. महापालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथे व्हीव्हीपॅट (दिलेल्या मताची छापील चिठ्ठी दाखवणारं यंत्र) नसतं आणि बहुसदस्यीय प्रभागात एकापेक्षा जास्त मतं द्यावी लागतात. रांगेतली आणि केंद्रातली शिस्त मात्र तीच.

घरून निघण्याआधी

१. यादीतलं नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक पाहून कागदावर लिहून घ्या. भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा १९५० या हेल्पलाइनवर ही माहिती मिळते, बीएलओंकडेही (तुमच्या केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) मिळते. ओळखपत्र असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर कोणीही नाव घालून देऊ शकत नाही. केंद्राध्यक्षांना तो अधिकारच नाही, त्यामुळे त्यांच्यावर आवाज चढवून काही हाती लागत नाही.

२. मतदार ओळखपत्र घ्या. ते नसेल तर आयोगाने ठरवलेल्या पर्यायी कागदपत्रांपैकी एक चालतं: आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, मनरेगा जॉबकार्ड, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं वगैरे. नुसती मतदार माहिती चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. ती फक्त नाव पटकन सापडावं म्हणून असते. ही चूक दर निवडणुकीत होते आणि माणसं तासभर रांगेत उभी राहून परत फिरतात.

३. मोबाइल शक्यतो घरीच ठेवा. केंद्राच्या आत तो नेता येत नाही. २०२५ मध्ये आयोगाने केंद्राच्या दाराशी फोन जमा करण्याची सोय करायला सांगितलं. जमा करेपर्यंत १०० मीटरच्या आत फोन बंदच असला पाहिजे. तरीही जमा करायची वेगळी रांग, परत घेताना होणारी शोधाशोध आणि काही केंद्रांना या सोयीतून दिलेली सूट, हे सगळं टाळलेलं बरं.

४. पक्षाचं चिन्ह असलेली टोपी, उपरणं, बिल्ला, टी-शर्ट काढून ठेवा.

५. उमेदवाराने पाठवलेल्या गाडीत बसू नका. मतदारांची ने-आण करायला उमेदवाराने वाहन पुरवणं १९५१ च्या अधिनियमाच्या कलम १३३ खाली गुन्हा आहे. स्वतःच्या गाडीने घरच्यांना घेऊन गेलात किंवा स्वतःच्या पैशाने रिक्षा केलीत तर हरकत नाही. गाडी केंद्रापासून लांब लावा.

१०० मीटरची रेषा

केंद्राभोवती रस्त्यावर फक्कीने एक पांढरी रेषा मारलेली असते. तिच्या आत कलम १३० लागू होतं: मत मागणं, अमक्याला मत देऊ नका असं सांगणं, मतदानच करू नका म्हणणं, निवडणुकीशी संबंधित फलक किंवा खूण दाखवणं, सगळं बंद. दंड फक्त २५० रुपयांपर्यंत आहे, पण गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. ‘लक्ष असू द्या’ म्हणत हात जोडणारा कार्यकर्ता रेषेच्या आत असेल तर तोही प्रचारच करतो आहे.

ध्वनिक्षेपक, मेगाफोन, आरडाओरडा हे कलम १३१ मध्ये येतं. इथे मीटरचं माप नाही. केंद्राच्या आत, दाराशी किंवा शेजारच्या जागेतून, अगदी समोरच्या खासगी गच्चीवरूनही, मतदारांना त्रास होईल किंवा कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा येईल असा गोंगाट केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. केंद्राध्यक्ष पोलिसांना थेट अटकेचा आदेश देऊ शकतात. शस्त्राचा नियम याहून कडक आहे. बंदोबस्तावरचे पोलीस आणि कर्तव्यावरचे ठरावीक अधिकारी वगळता कोणीही केंद्राच्या परिसरात शस्त्र घेऊन आलं, परवाना असलेलं का असेना, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

उमेदवारांचे चिठ्ठी वाटणारे बूथ या रेषेच्या बाहेर लागतात. पूर्वी हे अंतर २०० मीटर होतं, २०२५ पासून ते १०० मीटरवर आणलं आहे. तिथे मिळणारी चिठ्ठी कोऱ्या पांढऱ्या कागदाची हवी. तिच्यावर उमेदवाराचं नाव, पक्ष किंवा चिन्ह छापलेलं असेल तर ती घेऊन आत जाऊ नका, क्रमांक हातावर लिहून घ्या. कार्यकर्त्यांनीही मत देऊन आलेल्यांना बूथभोवती रेंगाळू देऊ नये. दोन पक्षांच्या बूथांसमोर गर्दी साचली की पहिला धक्का कोणी मारला हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

रांगेत

पुरुषांची आणि स्त्रियांची रांग वेगळी असते. अपंग, वृद्ध, आजारी मतदारांना आणि कडेवर मूल असलेल्या आईला पुढे सोडायचं असतं. हा त्यांचा हक्क आहे, त्यात कोणी कोणावर मेहेरबानी करत नाही. अशा कोणाला मागे उभं पाहिलंत तर दारावरच्या पोलिसाला किंवा स्वयंसेवकाला सांगा. बाकी ओळखीच्या माणसाला मध्ये घेणं, चप्पल ठेवून जागा राखणं हे करू नका. एका वेळी आत सोडतात तीन-चार जण. बाहेरून ढकलल्याने आतलं काम वाढत नाही, उलट टेबलांपाशी घोळका झाला की कोणाची नोंद झाली आणि कोणाची राहिली यात चूक होते.

केंद्रात कोण येऊ शकतं हे नियमाने ठरलेलं आहे: मतदार, मतदान कर्मचारी, उमेदवार, त्याचा निवडणूक प्रतिनिधी, प्रत्येक उमेदवाराचा एका वेळी एक मतदान प्रतिनिधी, आयोगाने अधिकारपत्र दिलेल्या व्यक्ती, कडेवरचं मूल आणि अंध किंवा विकलांग मतदाराचा सोबती. नगरसेवक, पक्षाचा तालुकाध्यक्ष, मंत्री यांना मत देण्यापुरताच प्रवेश आहे. पोलीससुद्धा केंद्राध्यक्षांनी बोलावलं तरच आत येतात. पत्रकाराला बाहेरच्या रांगेचा फोटो घेता येतो, मत देतानाचा कोणालाच घेता येत नाही.

आत गेल्यावर

१. पहिल्या मतदान अधिकाऱ्यासमोर ओळखपत्र ठेवा. ते तुमचा अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतात. समोर बसलेल्या प्रतिनिधींना आपल्या यादीत पाहता यावं आणि तोतया असेल तर तिथेच अडवता यावं, म्हणून ते मोठ्याने वाचायचं असतं. या वेळी बोलू नका.

२. दुसऱ्या अधिकाऱ्याकडे डावी तर्जनी पुढे करा. बोटाला तेल किंवा मलम नको. शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीत मुरायला थोडा वेळ लागतो, म्हणून शाई लगेच पुसायची नाही. शाई लावू दिली नाही तर मत देता येत नाही. मग १७-अ या मतदारांच्या नोंदवहीत सही किंवा अंगठा. सहीनंतर मतदाराची चिठ्ठी मिळते.

३. तिसरा अधिकारी ती चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचं, म्हणजे यंत्राच्या त्याच्या टेबलावरच्या भागावरचं, बटण दाबतो. त्यानंतरच मतदान कक्षातलं यंत्र तुमच्यासाठी तयार होतं. आधीच्या मतदाराची बीप वाजल्याशिवाय त्या कक्षाच्या आडोशाकडे जाऊ नका.

४. आडोशात एकट्याने जा. बॅलट युनिटवर, म्हणजे उमेदवारांची नावं आणि बटणं असलेल्या भागावर, हिरवा दिवा लागलेला दिसेल. पसंतीच्या नावासमोरचं निळं बटण दाबा. शेजारी लाल दिवा लागतो. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह छापलेली चिठ्ठी ७ सेकंद दिसते, मग कापली जाऊन पेटीत पडते, आणि लांब बीप ऐकू येते. पुष्कळ जण बटण दाबून लगेच वळतात आणि चिठ्ठी पाहायची राहते. ते ७ सेकंद तिथेच थांबा. कोणालाच मत द्यायचं नसेल तर सगळ्यात शेवटचं बटण नोटाचं आहे.

५. बीप वाजली की सरळ बाहेरच्या दाराने निघा. कोणाला मत दिलं ते केंद्रात बोलायचं नाही. शाई लागलेल्या बोटाचा फोटो बाहेर, रेषेच्या पलीकडे काढा.

बटण कुठलं दाबायचं हेच कळत नसेल तर आडोशातून हाक मारून कर्मचाऱ्याला आत बोलावू नका. त्याला मत नोंदवण्याच्या वेळी आत येण्याची परवानगी नाही. आधीच सांगितलंत तर केंद्राध्यक्ष यंत्राचं छापील चित्र दाखवून, प्रतिनिधींच्या समोर, आडोशाच्या बाहेर समजावून देतात.

सोबती कधी चालतो

अंधत्वामुळे किंवा शारीरिक असमर्थतेमुळे चिन्ह ओळखता येत नसेल किंवा बटण दाबता येत नसेल तरच सोबती आडोशात जाऊ शकतो. तो १८ वर्षं पूर्ण केलेला हवा, त्या दिवशी तो एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो, आणि मत गुप्त ठेवण्याचं प्रतिज्ञापन त्याला द्यावं लागतं. नुसतं लिहिता-वाचता येत नाही हे कारण चालत नाही, यंत्रावर चिन्हं त्यासाठीच आहेत. आजी चालू शकत नसतील तर नातवाने त्यांना आडोशापर्यंत धरून न्यावं आणि तिथून मागे फिरावं. आजींना दिसतंय, बोट चालतंय, तर मत त्यांचं एकटीचं आहे. घरात कितीही प्रेम असलं तरी तिथे कोणी डोकावायचं नाही.

अडचण आली तर

*तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं आहे.* संताप येतोच, पण केंद्र सोडू नका. ओळख पटवा आणि प्रदत्त मत मागा. १७-ब यादीत सही घेऊन केंद्राध्यक्ष तुम्हाला कागदी मतपत्रिका देतात. आडोशात जाऊन शिक्का मारायचा, घडी घालून ती केंद्राध्यक्षांच्या हाती द्यायची. ते ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. यंत्रावर मत मिळावं असा हट्ट करू नका, कारण यंत्रातली मतं आणि १७-अ मधल्या नोंदी जुळल्या पाहिजेत. प्रदत्त मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. निकाल न्यायालयात गेला तर मात्र ते उघडलं जाऊ शकतं, आणि तोतयेगिरी झाल्याचा लेखी पुरावाही तेच असतं.

*प्रतिनिधीने तुमच्या ओळखीवर आक्षेप घेतला.* प्रत्येक आक्षेपासाठी त्याला २ रुपये रोख भरावे लागतात. केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतात. आक्षेप सिद्ध झाला नाही तर तुम्ही मत देता. उगीच त्रास द्यायला घेतलेला आक्षेप असेल तर त्याचे पैसे जप्त होतात. तुमचं काम एवढंच: शांतपणे कागद दाखवा, प्रतिनिधीशी परस्पर वाद घालू नका.

*व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठीवर दुसरंच नाव आलं.* त्याच क्षणी केंद्राध्यक्षांना सांगा. घरी जाऊन व्हिडिओ करण्यात अर्थ नाही. नियम ४९-एमए प्रमाणे लेखी प्रतिज्ञापन घेऊन प्रतिनिधींच्या समोर चाचणी मत घेतलं जातं. तक्रार खरी निघाली तर त्या यंत्रावरचं मतदान तिथेच थांबवून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवतात. खोटी निघाली तर शिक्षेची तरतूद आहे. म्हणून काच नीट पाहूनच बोला.

*कोणी दमदाटी करतंय किंवा पैसे वाटतंय.* स्वतः अंगावर जाऊ नका. केंद्राच्या आत केंद्राध्यक्षांना सांगा. बाहेरचा प्रकार आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या अॅपवर फोटो किंवा व्हिडिओसह कळवता येतो, पण तो रेषेच्या बाहेरून.

केंद्राध्यक्ष गैरवर्तन करणाऱ्याला कलम १३२ खाली बाहेर काढू शकतात. परवानगीशिवाय तो परत आला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. या अधिकाराला कायद्यानेच एक लगाम घातला आहे, आणि तो केंद्राध्यक्षांनी व मतदारांनी दोघांनीही लक्षात ठेवायला हवा: या अधिकाराचा वापर करून त्या केंद्रावरच्या हक्काच्या मतदाराचं मत बुडवता येत नाही. चिडून ओरडलेल्या माणसाला बाहेर नेऊन पाणी द्यावं, शांत झाल्यावर परत बोलवावं आणि मत द्यायला लावावं. झुंडीने केंद्र ताब्यात घेतलं तर मात्र केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवरचं क्लोज बटण दाबून बॅलट युनिट वेगळं करतात. त्यानंतर त्या यंत्रात एकही मत पडत नाही.

संध्याकाळी

मतदानाची वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, मग रात्रीचे नऊ वाजले तरी चालेल. वेळ झाली की केंद्राध्यक्षांच्या सहीच्या क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या वाटतात, आणि त्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत येतात. पहिला क्रमांक शेवटच्या माणसाच्या हातात असतो, म्हणजे त्याच्या मागे नंतर कोणी येऊन उभं राहू शकत नाही. म्हणून वेळ संपायच्या सुमारास पाणी प्यायला किंवा सावलीत बसायला रांग सोडू नका. चिठ्ठी हातात आली की ती आत जाईपर्यंत जपून ठेवा.

मतदान प्रतिनिधींनी शेवटचं मत पडल्यावर निघून जाऊ नये. यंत्र बंद करून मोहोरबंद होताना समोर थांबावं, कंट्रोल युनिटवरची एकूण मतं १७-अ मधल्या नोंदींशी पडताळावीत, आणि १७-क नमुन्याची (नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची) केंद्राध्यक्षांच्या सहीची प्रत मागून घ्यावी. मोजणीच्या दिवशी टेबलावर यंत्र उघडेल तेव्हा हाच कागद हातात धरून आकडा ताडून पाहायचा असतो.